पेरणीची वेळ, तापमान आणि भाताची पाने: रोपाचे वय दिवसांत मोजावे की पानांत?

निवळी

या हंगामात मी एकाच हळव्या, म्हणजे लवकर तयार होणाऱ्या, वाणाचे भात शेजारशेजारच्या दोन खाचरांत, ३५ दिवसांच्या अंतराने, थेट पेरून पाहिले. पहिली पेरणी मुद्दाम थंडी असतानाच केली होती. बियाणे, खत, ओळींतील अंतर आणि पाण्याची खोली दोन्हीकडे सारखी ठेवली. पहिल्या खाचरात उगवण बाराव्या दिवशी झाली, दुसऱ्यात पाचव्या दिवशी. दोन्हीकडे दहा-दहा रोपे निवडून त्यांच्या मुख्य काडीवरची पाने मी मोजत राहिले.

उगवणीनंतर ३० दिवसांनी पहिल्या खाचरात चार पाने पूर्ण होऊन पाचव्याचे टोक जेमतेम दिसत होते. त्याच वयाला दुसऱ्या खाचरात सात पाने पूर्ण होती आणि आठवे निम्मे बाहेर आले होते. गोंधळ त्यापुढे सुरू झाला. शेवटचे पान दोन्हीकडे चौदावेच निघाले आणि पेरणीतले ३५ दिवसांचे अंतर या पानापर्यंत येता येता १४ दिवसांवर आले. हवेच्या तापमानाची नोंद अशी आहे: पहिल्या खाचराच्या उगवणीपासून दुसऱ्याच्या उगवणीपर्यंत सरासरी १८.५ अंश सेल्सिअस, दुसऱ्या खाचराच्या पहिल्या महिन्यात २५ अंश आणि शेवटच्या पानाच्या आधीच्या दोन-तीन आठवड्यांत २७ अंश.

पाने इतक्या वेगवेगळ्या गतीने येतात, तर त्यांची एकूण संख्या का बदलली नाही? आणि मधले २१ दिवस नेमके कुठे गेले?

तृणांकुर

तुम्ही दोन वेगवेगळ्या गोष्टी मोजल्या आहेत आणि त्या वेगळ्या ठेवल्या, तर गोंधळ बराचसा निवळतो. पाने कोणत्या गतीने येतात ही एक गोष्ट, आणि एकूण किती पानांनंतर रोप थांबते ही दुसरी. पहिलीवर प्रामुख्याने तापमानाची सत्ता चालते. दुसरी मात्र वाढीच्या अंकुराने पाने घडवणे सोडून लोंबी घडवायला केव्हा घेतले यावर ठरते.

लागोपाठच्या दोन पानांची टोके बाहेर पडण्यात जो काळ जातो, त्याला फायलोक्रॉन म्हणतात. मराठीत ‘पर्णांतर’ म्हणायला हरकत नसावी. भाताचे पर्णांतर सुरुवातीच्या वाढीत साधारण चार-पाच दिवसांचे असते आणि लोंबीचा अंकुर धरल्यावर ते लांबते. आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत काम केलेले शोइची योशिदा यांनी १९८१ मध्ये मांडलेला हिशेब प्रसिद्ध आहे: लोंबीचा अंकुर धरण्यापूर्वी एका पानाला सुमारे १०० अंश-दिवस लागतात आणि त्यानंतर सुमारे १७०. अंश-दिवस म्हणजे रोजच्या सरासरी तापमानाची बेरीज. त्यानुसार २० अंशांवर पाच दिवसांनी एक पान येईल आणि २५ अंशांवर चार दिवसांनी.

तुमचे वाण दिवसाच्या लांबीला फारसे दाद न देणारे दिसते. अशा वाणांत मुख्य काडीवरच्या पानांची संख्या बरीच स्थिर राहते. हळव्या वाणांत ती दहाच्या आसपासही असू शकते आणि गरव्यांत, म्हणजे उशिरा तयार होणाऱ्यांत, अठरापर्यंत जाते. म्हणून दोन्ही खाचरांत चौदावर येऊन थांबणे हे अपेक्षितच आहे. उगवणही तापमानाच्याच कक्षेत येते. बी रुजायला किमान १० अंशांच्या आसपास उष्णता लागते आणि रोप नीट उभे राहायला १२-१३ अंश. तुमचे बारा दिवस आणि पाच दिवस त्यातूनच आले आहेत.

आकडेमोड

तृणांकुर यांच्या प्रतिसादातील शंभराचा आकडा घेऊन मी निवळी यांची नोंद तपासली आणि ती अर्धीच जुळली. दुसऱ्या खाचरात ३० दिवस गुणिले २५ अंश म्हणजे ७५० अंश-दिवस, म्हणजे साडेसात पाने. हे तंतोतंत बसते. पहिल्या खाचरात ३० गुणिले १८.५ म्हणजे ५५५, म्हणजे साडेपाच पाने यायला हवी होती, पण प्रत्यक्षात आली चार आणि थोडे. थंड खाचरातले रोप हिशेबापेक्षा सव्वा पानाने मागे आहे.

याचे कारण असे की १०० हा आकडा शून्य अंशापासून मोजलेला आहे, आणि भात शून्य अंशाला पान काढत नाही. ज्या तापमानाखाली वाढ थांबते ते पायाभूत तापमान आधी वजा करावे लागते. भाताच्या वाढीची प्रारूपे ते साधारण ८ ते १० अंश धरतात. १० धरले, तर पहिल्या खाचरात रोजचे ८.५ अंश-दिवस जमतात आणि दुसऱ्यात १५. एका पानाला ६० अंश-दिवस लागतात असे मानले की पहिल्यात २५५ भागिले ६० म्हणजे ४.२५ पाने येतात आणि दुसऱ्यात ४५० भागिले ६० म्हणजे ७.५. दोन्ही आकडे जुळतात.

तरी यावर लगेच खूश होऊ नये, कारण दोन निरीक्षणे आणि दोन अज्ञात संख्या असल्या की उत्तर नेहमीच जुळते. खरी कसोटी त्या १४ दिवसांची आहे, कारण ती या जुळवाजुळवीत वापरलेलीच नाही. पेरणीत अंतर ३५ दिवसांचे होते, पण पहिले खाचर बाराव्या आणि दुसरे पाचव्या दिवशी उगवल्यामुळे उगवणीतले अंतर २८ दिवसच उरले. म्हणजे हरवलेल्या २१ दिवसांपैकी सात तर मातीखालीच गेले. त्या २८ दिवसांत पहिल्या खाचराने २८ गुणिले ८.५, म्हणजे २३८ अंश-दिवसांची आघाडी घेतली. ही आघाडी उष्णतेत मोजली तर शेवटपर्यंत तेवढीच राहते, फक्त दिवसांत मोजली की आकसते. शेवटच्या पानाच्या सुमारास २७ अंश सरासरी असताना रोज १७ अंश-दिवस जमत होते. २३८ भागिले १७ म्हणजे बरोबर १४ दिवस. पायाभूत तापमान शून्य धरून हेच केले, तर ५१८ भागिले २७, म्हणजे १९ दिवस येतात, आणि ते तुमच्या नोंदीशी जुळत नाहीत.

थंडीत महिनाभर आधी पेरले म्हणजे महिनाभर आधी कापणी होईल, ही अपेक्षा नेमकी इथे फसते.

अवकाळी

सगळे श्रेय तापमानाला देऊन आपण मोकळे होत आहोत, असे मला वाटते. थंडीत ऊनही कोवळे असते, आणि गार मातीत नत्र नीट उचलले जात नाही. पाने कमी यायचे कारण उपासमार असेल, गारठा नसेल.

दुसरे असे की माझा स्वतःचा अनुभव या हिशेबाच्या उलट आहे. माझे भात जुने, गरवे वाण आहे. एका वर्षी ते महिनाभर उशिरा लावावे लागले, तरी ते निसवले, म्हणजे त्याच्या लोंब्या बाहेर आल्या, जवळपास नेहमीच्याच सुमारास. हवा दोन्ही वर्षी सारखीच होती. मग त्या महिन्याभराची उष्णता रोपाने कुठून भरून काढली?

तृणांकुर

तुमचा दुसरा मुद्दा जास्त रंजक आहे, म्हणून आधी तोच घेतो. त्या भाताने उष्णता भरून काढली नाही, त्याने पाने कमी काढली. भात मुळात लहान दिवसांचे पीक आहे. जुन्या गरव्या वाणांमध्ये सुरुवातीचा काही काळ असा असतो की दिवस कितीही लहान असला तरी रोप पानेच काढत राहते. तो संपल्यावर मात्र ते दिवसाच्या लांबीकडे ‘पाहत’ बसते, आणि दिवस ठरावीक मर्यादेखाली आला की वाढीचा अंकुर लोंबीकडे वळतो. ही तारीख सूर्य ठरवतो, पेरणीची वेळ नाही. लवकर लावलेल्या रोपाला वाट पाहण्यात बराच काळ मिळतो, त्या काळात ते पानामागून पान काढते, उंच होते आणि कधीकधी लोळतेही. उशिरा लावलेल्या रोपाला तेवढा काळ मिळत नाही. तुम्ही त्या वर्षी मुख्य काडीवरची पाने मोजली असती, तर ती नेहमीपेक्षा कमी भरली असती.

यावरून पेरणीची वेळ दोन दारांनी आत येते असे म्हणता येईल. निवळी यांच्या वाणात तिने फक्त पाने येण्याची गती बदलली. तुमच्या वाणात गती तीच राहिली आणि एकूण संख्या बदलली. दिवसाच्या लांबीला दाद देणारे वाण थंडी उतरणीला लागलेल्या हंगामात उशिरा लावले, तर दोन्ही गोष्टी एकदम घडतात आणि नोंदवहीतून काहीच उलगडत नाही.

आता नत्र आणि ऊन. ही दोन्ही महत्त्वाची आहेत, पण त्यांचा जोर वेगळ्या ठिकाणी लागतो. नत्र कमी पडले की पान लहान आणि फिकट होते, फुटवे, म्हणजे बुडातून येणाऱ्या बाजूच्या काड्या, कमी येतात आणि एकूण पर्णक्षेत्र घटते. नवे पान बाहेर येण्याच्या तालावर मात्र त्याचा परिणाम त्या मानाने थोडा असतो. ऊन कमी पडले तरी साधारण तसेच होते. दाट सावलीत ताल मंदावतो, पण दोन शेजारी खाचरांत तेवढा फरक पडायचा नाही. तुम्ही म्हणता ती उपासमार असती, तर ती आधी पानांच्या लांबी-रुंदीत दिसली असती.

निवळी

पानांच्या लांबीत फरक होता, हे इथे सांगायला हवे. पहिल्या खाचरातले चौथे पान दुसऱ्या खाचरातल्या चौथ्या पानापेक्षा स्पष्टपणे आखूड होते. म्हणजे अवकाळी यांचे म्हणणे बरोबर ठरते का?

तृणांकुर

तेवढ्यावरून नाही. पान लांब होण्याला सर्वांत मानवणारे तापमान ३१ अंशांच्या आसपास आहे, आणि ७ ते १२ अंशांच्या दरम्यान लांबणे थांबते; नेमका आकडा वाणावर अवलंबून असतो. म्हणून थंडीतले पान नत्र भरपूर असूनही आखूड राहते. फरक रंगावरून ओळखता येईल. नत्राच्या कमतरतेत आधी खालची, जुनी पाने पिवळी पडतात, कारण रोप त्यांतले नत्र काढून नव्या पानाला देते. थंडीचा फटका उलट नव्या, नुकत्याच बाहेर येणाऱ्या पानावर दिसतो. तुमची कोणती पाने फिकी होती?

निवळी

नवी. आणि सगळे पान फिके नव्हते, हे मला तेव्हा विचित्र वाटले होते. तिसऱ्या पानावर, बुडापासून दोन-अडीच बोटांवर, पात्याला आडवा असा पांढुरका पट्टा होता. चौथ्या पानावरही तसाच पट्टा होता, पण तो टोकाजवळ. पट्ट्याच्या वर आणि खाली पान चांगले हिरवे होते. एखादा रोग असावा असे समजून दोन रोपे उपटूनही पाहिली, पण मुळे पांढरी आणि धडधाकट होती. पुढच्या पानांवर पट्टा आलाच नाही.

तृणांकुर

हा पट्टा म्हणजे एका कडक थंड रात्रीची, किंवा लागोपाठच्या दोन-तीन रात्रींची, पानावर उमटलेली तारीख आहे. गवतवर्गीय पान बुडाकडून वाढते, त्यामुळे टोक सर्वांत आधी तयार होते आणि बूड सर्वांत शेवटी. त्या रात्री जो भाग पर्णकोषाच्या, म्हणजे पानाच्या काडीला वेढणाऱ्या भागाच्या, तोंडाशी घडत होता, त्यात हरितद्रव्य नीट तयार झाले नाही. त्या वेळी तिसरे पान बाहेर येत आले होते, म्हणून त्याच्या बुडाकडचा भाग सापडला. चौथ्याने नुकतेच डोके वर काढले होते, म्हणून त्याचा टोकाजवळचा भाग सापडला. दोन पानांवरचे दोन पट्टे एकाच घटनेचे आहेत. तुमच्या नोंदवहीतली सर्वांत थंड रात्र कोणती ते पाहा, आणि त्या दिवशी रोप साडेतीन पानांच्या जरा अलीकडे होते का ते तपासा.

निवळी

तपासले. सर्वांत थंड रात्रीनंतरच्या सकाळी मोजणी ३.३ अशी आहे.

शिवारफेरी

हे ३.३ वगैरे दशांश कसे काढता? आम्ही तर ‘तीन पानी रोप’, ‘चार पानी रोप’ एवढेच म्हणतो. शिवाय पहिले पान कोणते धरायचे यावरच आमच्यात एकमत होत नाही.

निवळी

पद्धत सोपी आहे. शेवटच्या पूर्ण पानाच्या पात्याची लांबी मोजायची, त्याच्यावर डोकावणाऱ्या नव्या पात्याचा दिसणारा भाग मोजायचा आणि दुसऱ्याला पहिल्याने भागायचे. सहावे पाते २४ सेंटिमीटर आहे आणि सातवे १२ सेंटिमीटर बाहेर आले आहे, तर मोजणी ६.५. पान पूर्ण झाले की नाही हे जिभळीवरून कळते. पाते आणि पर्णकोष यांच्या सांध्यावरची पातळ जिभळी दिसू लागली की ते पान पुरे झाले असे मी धरते. गव्हासाठी हॉन यांनी १९७३ मध्ये अशी दशांश मोजणी मांडली होती, तीच थोडी सोयीने वापरते.

पहिल्या पानाचा घोळ खरा आहे. बियातून कोंब निघाल्यावर जे पहिले पान येते त्याला पाते जवळजवळ नसतेच, नुसता पर्णकोष असतो. काही जण त्याला पहिले धरतात, काही जण पाते असलेल्या पानापासून मोजू लागतात, त्यामुळे दोन माणसांच्या मोजणीत एका पानाचा फरक सहज पडतो. मी पाते असलेल्या पानापासून मोजले आहे. यात बरोबर-चूक काही नाही. काय धरले ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवायचे, इतकेच.

आणि खूण करायला विसरू नका. सातवे-आठवे पान येईपर्यंत पहिली दोन-तीन पाने कुजून गेलेली असतात आणि मग बुडापासून मोजायला बूडच उरत नाही. मी तीन पानी असतानाच मुख्य काडीभोवती रंगीत दोऱ्याची सैल गाठ बांधते आणि पाचव्या व नवव्या पात्यावर तैलरंगाचा ठिपका देते.

शिवारफेरी

मोजणीचे हे खूळ मला आता पटू लागले आहे, कारण रोपवाटिकेत मी वर्षानुवर्षे याच प्रश्नाशी झगडतो आहे. ‘एकवीस दिवसांचे रोप लावा’ हा सल्ला सगळे देतात. आकडेमोड यांचा हिशेब लावला, तर १८ अंशांच्या हवेत एकवीस दिवसांत जेमतेम तीन पाने होतील, आणि २७ अंशांच्या हवेत सहाच्या जवळपास. ही दोन रोपे एकाच वयाची म्हणणे म्हणजे रांगणारे मूल आणि शाळेत जाणारे मूल यांना एका रांगेत बसवण्यासारखे आहे.

याचा फुटव्यांशी थेट संबंध आहे. जपानच्या काटायामा यांनी १९५१ मध्ये दाखवलेला नियम असा की मुख्य काडीवर एखादे पान बाहेर येते, तेव्हा त्याच्या तीन पाने खालच्या पानाच्या बेचक्यातून फुटवा बाहेर येतो: पाचव्या पानाबरोबर दुसऱ्या पानाचा, सहाव्याबरोबर तिसऱ्याचा. रोपवाटिकेत दाटीवाटीत सहा पानांपर्यंत ठेवलेल्या रोपाचे खालचे दोन फुटवे येण्याची वेळ तिथेच निघून जाते, आणि दाटीत ते बहुधा येत नाहीत. मग लावणीनंतर कितीही खत दिले तरी त्या बेचक्यातून पुन्हा काही निघत नाही. मादागास्करमध्ये आँरी द लोलानिए या पाद्र्यांनी १९८० च्या दशकात जी लागवड पद्धत रुजवली, तिच्यात दोन-तीन पानी कोवळे रोप लावण्याचा आग्रह आहे, त्यामागेही हेच गणित आहे. त्या पद्धतीच्या बाकीच्या दाव्यांवर पुष्कळ वाद आहेत आणि मी त्यांत पडत नाही, पण रोप पानांवरून पारखण्याची गोष्ट मला निर्विवाद वाटते.

आमच्याकडून झालेली चूक याच्या नेमकी उलट होती. एका थंड वर्षी एकवीस दिवस भरले म्हणून रोपे उपटली, तेव्हा ती धड अडीच पानांचीही नव्हती. चिखलात लावल्यावर निम्मी पाण्याखाली गेली. मुळे धरायला १६ अंशांच्या आसपास तरी उष्णता लागते हे तेव्हा माहीत नव्हते. दहा दिवस रोपांनी नवे पान काढलेच नाही. दोष सल्ल्याला द्यावा की आम्हाला, हे अजून ठरवता आलेले नाही.

आकडेमोड

त्या दहा दिवसांबद्दल थोडे सांगतो. लावणीत मुळे तुटतात, म्हणून काही दिवस पाने येण्याचा ताल मोडतोच, आणि रोप जितके जास्त पानी तितका तो सहसा जास्त मोडतो. त्यामुळे लावणीच्या भातात उगवणीपासून शेवटच्या पानापर्यंत एकच सरळ रेषा काढू नये; लावणीपाशी एक सपाट पायरी ठेवावी, आणि लोंबीचा अंकुर धरल्यावर रेषेचा चढ कमी करावा. निवळी यांनी थेट पेरणी केली म्हणून त्यांचे आकडे इतके स्वच्छ आले.

अवकाळी

नत्राचा मुद्दा मी मागे घेतो. पट्ट्याची गोष्ट पटली. पण मग उन्हाळ्याचे काय? तापमान वाढेल तशी पाने वेगाने येणार असतील, तर चाळीस अंशांच्या उन्हात पानांचा पाऊस पडायला हवा, आणि तसे काही मी पाहिलेले नाही.

आकडेमोड

पडणार नाही, कारण साधारण ३० अंशांपुढे गती वाढत नाही आणि खूप पुढे गेल्यावर ती उतरते. साध्या सरासरीला हे कळत नाही. अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात भातासाठी अंश-दिवस मोजण्याची एक पद्धत १९७० च्या दशकापासून रूढ आहे. तिच्यात पायाभूत तापमान ५० अंश फॅरनहाइट, म्हणजे १० अंश सेल्सिअस आहे, आणि वरच्या बाजूला दोन टोप्या घातलेल्या आहेत: दिवसाचे कमाल तापमान कितीही असले तरी ९४ अंश फॅरनहाइट, म्हणजे ३४.४ सेल्सिअसपेक्षा जास्त धरायचे नाही, आणि किमान ७० अंश फॅरनहाइट, म्हणजे २१.१ सेल्सिअसपेक्षा जास्त धरायचे नाही.

कमाल ४० आणि किमान २६ असलेला एक दिवस घ्या. साध्या सरासरीने ३३ वजा १०, म्हणजे २३ अंश-दिवस. टोप्या घातल्यावर ३४.४ आणि २१.१ यांची सरासरी २७.७५, त्यातून १० गेले की १७.७५. रोज पाचाहून अधिक अंश-दिवसांचा फरक पडतो, म्हणजे साध्या हिशेबाने दर अकरा-बारा दिवसांना एक पान आपण कागदावर उगाच वाढवत असतो. ही पद्धत तिथल्या वाणांच्या वाढीच्या टप्प्यांसाठी बसवलेली आहे, पानांच्या मोजणीसाठी नाही, म्हणून तिचे आकडे जसेच्या तसे उचलू नयेत. टोपीची कल्पना मात्र उचलावी.

खालच्या टोकालाही अशीच एक फट आहे. दिवसा २२ आणि रात्री ४ अंश असतील, तर सरासरी १३ आणि अंश-दिवस ३. पण रात्री १० च्या खाली गेलेले तास शून्य धरायचे असतात. ते दुपारच्या कमाईतून वजा होत नाहीत. तासातासाची नोंद असेल तर बेरीज तीनपेक्षा बरीच जास्त भरते.

पाणथळ

इतका वेळ वाचतो आहे आणि एका गोष्टीचे नवल वाटते. तुम्ही सगळे हवेचे तापमान मोजत आहात. निवळी, तुमचा तापमापक कुठे आहे?

निवळी

बांधावर, सावलीच्या पेटीत, साधारण माझ्या खांद्याच्या उंचीवर.

पाणथळ

आणि तुमच्या रोपाचा वाढीचा अंकुर कुठे आहे? जवळजवळ मातीच्या पातळीवर, म्हणजे पाण्याखाली. कांडी लांबू लागेपर्यंत, अर्थात लोंबीचा अंकुर धरण्याच्या सुमारापर्यंत, तो तिथेच असतो. नवे पान तिथे घडते. वरची पाने वाऱ्यावर डुलत असतात, पण पुढचे पान केव्हा येणार याची घटिका पाण्यात बुडालेली असते. ती मोजायची असेल, तर तापमापकही पाण्यात हवा.

पाणी आणि हवा यांतला फरक थोडाथोडका नसतो. रोपे लहान असताना ऊन सरळ पाण्यावर पडते, आणि उथळ पाणी दुपारी हवेपेक्षा बरेच तापते. पाण्याची खोली जास्त असेल, तर दिवसाचा चटका आणि रात्रीचा गारठा दोन्ही बोथट होतात. पुढे पाने एकमेकांना भिडून सावली झाली की तेच पाणी दुपारी हवेपेक्षा थंड राहते. म्हणून हवेच्या तापमानावर केलेला हिशेब सुरुवातीला एका दिशेने चुकतो आणि मध्यावर दुसऱ्या. आकडेमोड यांनी काढलेले ‘१० अंश आणि ६० अंश-दिवस’ हे उत्तर रोपाचे कमी आणि त्या पेटीच्या जागेचे जास्त असू शकते.

याची खात्री कुठलेही उपकरण न घेता करता येते. पाटाचे पाणी जिथून खाचरात शिरते, त्या तोंडाजवळची रोपे आणि खाचराच्या दुसऱ्या टोकाची रोपे यांची पाने मोजा. पाणी गार असेल, तर तोंडाजवळचे भात मागे पडलेले दिसेल. वाण तेच, पेरणीची तारीख तीच, हवा तीच.

आकडेमोड

हे मान्य करावेच लागेल. १४ दिवसांची कसोटी जुळली म्हणून मी निश्चिंत झालो होतो, पण दोन्ही खाचरांतले पाणी हवेपेक्षा सारख्याच प्रमाणात गरम असेल, तरी ती कसोटी जुळेल. फक्त पायाभूत तापमान तेवढ्या अंशांनी वर सरकेल. पाणी हवेपेक्षा सरासरी दोन अंशांनी गरम होते असे धरले, तर माझे १० अंश प्रत्यक्षात १२ ठरतात. हवेतली नोंद आहे तोवर या वाणाचे पायाभूत तापमान १० आहे असे कुणी म्हणू नये.

निवळी

कालपासून दोन तापमापक पाण्यात ठेवले आहेत, एक पाटाच्या तोंडापाशी आणि एक मधोमध. दोन्ही मातीच्या पातळीला टेकतील असे काठीला बांधले आहेत. ही दोन्ही खाचरे आता निसवली आहेत, म्हणून शेजारचे तिसरे, उशिरा पेरलेले खाचर घेतले. तिथे विहिरीचे पाणी सकाळी सोडले जाते.

पाने आज मोजली. तोंडापासून दोन पावलांच्या आतली दहा रोपे सरासरी ६.४ पानांवर आहेत आणि मधली दहा ७.३ वर. जवळपास एका पानाचा फरक आहे आणि तो बांधावरच्या पेटीला कधीच कळला नसता. दुपारी दोन वाजता तोंडाजवळचे पाणी मधल्यापेक्षा चार अंशांनी थंड होते. संध्याकाळी पाणी बंद असल्यावर फरक उरला नाही.

पाणी सकाळऐवजी संध्याकाळी सोडले तर काय होते, हे पुढचे पान आल्यावर सांगते. तोंडाजवळच्या दहाही रोपांच्या सहाव्या पात्यावर लाल ठिपका दिलेला आहे.

पाणथळ

संध्याकाळी सोडताना बांध फुटून पाणी वाहून जात नाही ना, तेवढे पाहा. आणि पाण्यातल्या तापमापकावर ऊन थेट पडू देऊ नका. वर एखादी पांढरी झाकणी धरा, नाहीतर तो पाण्याऐवजी स्वतःचेच तापमान सांगेल.